रुग्णालयातील बुरशी संसर्गाचे निदान

हे निदान म्हणजे मधुमेही, अतिदक्षता विभागातील किंवा बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरात खोल गेलेली बुरशी ओळखणे. प्रतिजैविके देऊनही ताप हटत नाही, तेव्हा कुठे बुरशीची शंका येते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

बुरशी दिसली म्हणजे आजार तिचाच, असे नसते. कँडिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही राहते, त्यामुळे बेडक्यात ती सापडल्याने न्यूमोनिया तिच्यामुळे झाला हे ठरत नाही. रक्तात सापडली तर मात्र दुर्लक्ष चालत नाही. पण रक्ताच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) अशा संसर्गांपैकी जवळपास निम्मे निसटतात.

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस (म्युकर गटातील बुरशीचा संसर्ग) हा शब्द गावोगावी पोहोचला. ‘काळी बुरशी’ हे नाव मात्र फसवे आहे: काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती, बुरशी नव्हे. नाकातून काढलेला तुकडा काचपट्टीवर ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. ऊती विरघळत जाते आणि रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू उरतात. अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे तंतू बारीक असतात, त्यांत आडपडदे असतात आणि ते लघुकोनात फुटतात. हा फरक तासाभरात कळू शकतो, फक्त पाहणारी नजर सरावलेली हवी. हाच तुकडा कल्चरसाठी खलात वाटून घेतला, तर म्युकरचे नाजूक तंतू मरतात; तो बारीक चिरावा लागतो. आणि सगळाच फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या, पण बुरशी मारणाऱ्या द्रावणात) टाकला असेल, तर कल्चरचा प्रश्नच मिटला. बीटा-डी-ग्लुकन या, बुरशीच्या पेशीभित्तीतला घटक शोधणाऱ्या रक्तचाचणीचाही म्युकरसाठी उपयोग होत नाही.

ऊसपट्ट्यातली एक वेगळी वाट डोळ्यातून जाते. पाल्याची धारदार कड बुबुळाला लागते, जखमेत फ्युजेरियम किंवा अस्परजिलस ही बुरशी शिरते. लाली उतरावी म्हणून कुणीतरी दिलेले स्टिरॉइडचे थेंब बुरशीच्याच पथ्यावर पडतात. पुढे ‘फूल पडलं’ (बुबुळावर पांढरा डाग आला) म्हणून रुग्ण येतो, तेव्हा व्रण खरवडून तपासल्याशिवाय निदान होत नाही.

क्षयरोग बरा झालेल्या फुप्फुसातील पोकळीत अस्परजिलस वाढते, तेव्हा खोकला आणि रक्त पाहून ‘टीबी उलटला’ असे समजून पुन्हा तीच औषधे सुरू होतात.

जपानमध्ये 2009 साली वर्णन झालेली कँडिडा ऑरिस ही प्रजाती जुन्या स्वयंचलित ओळख-यंत्रांना कँडिडा हेम्युलोनाय ही दुसरी प्रजाती वाटते. खात्रीसाठी माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणारे यंत्र) किंवा जनुकीय तपासणी लागते. नाव चुकले की उपचारही चुकू शकतात, कारण ऑरिसवर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध बहुतेक वेळा चालत नाही.