एक जून, 58 वर्षे आणि तोंडावर आलेली पेरणी

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निरोप समारंभांची रांग लागते. नवतपा चालू असतो, पारा पंचेचाळिशी गाठतो आणि पंचायत समितीच्या सभागृहात कूलरसमोर शाल-श्रीफळ चाललेलं असतं. एकाच तारखेला इतकी माणसं रिटायर कशी होतात? याचं उत्तर सरकारी नियमांपेक्षा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात जास्त सापडतं.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी खेड्यात बाळंतपण घरीच व्हायचं. जन्माची नोंद कोतवालाने केली तर केली. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघत. कान हाती लागला की सहा वर्षं पूर्ण. साल असं अंदाजाने ठरे आणि तारीख सोयीची पडे, म्हणजे 1 जून, कुठे 1 जुलै. माय म्हणायची, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला". रजिस्टरात मात्र एक जूनच.

महाराष्ट्र राज्याच्या सेवेत अ, ब आणि क गटांना 58, ड गटाला 60 हे नियत वयोमान. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर वय आदल्या दिवशीच पूर्ण झालं असं धरतात. म्हणून एक जूनवाला 31 मे रोजीच घरी बसतो. वार्षिक वेतनवाढ बहुतेकांची असते 1 जुलैची. ती त्याला मिळत नाही. ज्याच्या गुरुजींनी 1 जुलै लिहिली तो 30 जूनला निवृत्त होतो. त्याचीही वाढ एका दिवसाने हुकायची. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि राज्यानेही 30 जूनवाल्यांना निवृत्तिवेतनापुरती काल्पनिक वेतनवाढ मान्य केली. 31 मेवाल्याला त्याचा उपयोग नाही. पन्नास वर्षांपूर्वी बोरूने लिहिलेल्या एका अक्षराचा फरक पेन्शनीत आयुष्यभर दिसतो तो असा.

तारीख चुकीची असेल तर दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. 16 ऑगस्ट 1981 नंतर सेवेत आलेल्यांना हा नियम लागू आहे. सत्तावन्नाव्या वर्षी जन्मपत्रिका घेऊन धावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

अठ्ठावन्नचा आकडा काही फार जुना नाही. वऱ्हाडात देशमुख, पाटील, पटवारी ही कामं वतनाची होती. बाप थकला की लेक दप्तर घेई, त्याला तारीख नव्हती. ब्रिटिशांनी पगारी नोकरशाही आणली, तिच्याबरोबर ठराविक वयाला निवृत्ती आणि पेन्शन आली; पेन्शनचा कायदा 1871 चा. तेव्हाच्या कचेऱ्यांत 55 हे वय रूढ झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, म्हणजे पंचावन्न हे फार थोड्यांच्या वाट्याला येणारं वय होतं. केंद्राने 1962 मध्ये 55 चे 58 केले आणि 1998 मध्ये 58 चे 60. राज्य 58 वरच राहिलं; 60 ची मागणी कर्मचारी संघटना वर्षानुवर्षं करत आहेत.

मधल्या काळात विदर्भातल्या नोकरदाराचा मालकही बदलत गेला. 1956 पर्यंत तो मध्य प्रदेशचा, मग द्विभाषिक मुंबई राज्याचा, 1960 पासून महाराष्ट्राचा. प्राथमिक शिक्षक 1962 मध्ये जिल्हा परिषदेकडे आले. त्याच वर्षीच्या कायद्याने महसुली पाटलांचं पद गेलं. पटवारी पगारी तलाठी झाला, लोक अजून त्याला पटवारीच म्हणतात. इतक्या बदल्या-विलीनीकरणांत जुनी सेवापुस्तकं कुठेतरी फाटत गेली आणि त्याची झळ एका अख्ख्या पिढीला निवृत्तीच्या वेळी बसली.

1982 हे वर्ष पेन्शनसाठी महत्त्वाचं. महाराष्ट्राचे निवृत्तिवेतन नियम त्या वर्षी 15 ऑगस्टला लागू झाले आणि 17 डिसेंबरला नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे. म्हणून 17 डिसेंबर पेन्शनर्स डे. पुढे पूर्ण पेन्शनसाठी लागणारी 33 वर्षांची सेवा 20 वर्षांवर आली: शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम. किमान दहा वर्षं तरी हवीत. मग 1 नोव्हेंबर 2005 ही रेघ ओढली गेली. त्या दिवशी वा नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, पगारातून दरमहा वर्गणी कापणारी अंशदान योजना. मार्च 2023 चा राज्यव्यापी संप याच रेघेवर झाला. पुढे सरकारने, ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेआधी निघाली होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय दिला. आज एकाच शाळेत शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन गुरुजींचं म्हातारपण वेगवेगळ्या हिशेबाचं आहे आणि स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की चहा थंड होतो.

कारखाने, सूतगिरण्या, जिनिंग-प्रेसिंग, सहकारी संस्था, एसटी इथल्या लोकांचा मार्ग निराळा: ईपीएस-95, म्हणजे 16 नोव्हेंबर 1995 ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. यात पेन्शन 58 ला सुरू होते आणि हिशेब असा, की पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. वेतनाची मर्यादा सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये. तीस वर्षं घासलेल्या माणसाचंही 15,000 धरून, लांब सेवेला मिळणारी वाढीव दोन वर्षं मिळवून, 6,850 च्या आसपास बसतं. पण जुन्या सेवेला जुनी, कमी मर्यादा लागते, त्यामुळे बहुतेकांच्या हाती याहून बरंच कमी येतं. किमान पेन्शन 1,000 रुपये. बुलढाण्यात या पेन्शनधारकांचं साखळी उपोषण डिसेंबर 2018 मध्ये सुरू झालं, ते याच आकड्यांवरून.

आता ठरवायचं काय असतं? सरकारी नोकरीत तारीख ठरलेली असल्याने निर्णय एकच उरतो: आधी सोडायचं का. वीस वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. लोक ती घेतात आजारपणामुळे, गडचिरोली-मेळघाटातल्या बदलीमुळे, किंवा शेत बघायला घरी कोणी नाही म्हणून. तिसऱ्या कारणाने घेणाऱ्याने कागद-पेन घेऊन बसावं. चार वर्षं आधी सोडलं तर चार वेतनवाढी जातात, म्हणजे पेन्शनचा पायाच खाली येतो. त्यावरचा महागाई भत्ता आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटीही, त्याच पायावर मोजलं जातं. दहा एकर कोरडवाहू सोयाबीन-तुरीतून हा खड्डा भरून निघेल, असा हिशेब बहुधा जमत नाही.

कागदांचं काम दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवं, नियमही तेच सांगतात. सेवापुस्तकात दर वर्षाच्या सेवेची पडताळणी, बदलीच्या वेळी कार्यमुक्त आणि रुजू झाल्याच्या तारखा, प्रत्येक वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का. अडकतं ते इथेच. दोन तारखांत दहा दिवसांची फट असेल तर ते दिवस कशात धरायचे यावर फाइल थांबते. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव सेवापुस्तकात, सासरचं बँकेत, आणि आधारावर तिसरंच स्पेलिंग. राजपत्रातली नावबदलाची प्रत वेळेत काढली नाही तर पाच-सहा महिने जातात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचं प्रकरण सहा महिने आधी नागपूरच्या महालेखापालांकडे जायला हवं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं प्रकरण पंचायत समितीतून जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात जातं. जुनी वेतननिश्चिती चुकल्याचं शेवटच्या वर्षात निघालं की वसुलीचं पत्र येतं. अशा वेळी क आणि ड गटातल्यांनी 2014 चा रफिक मसीह निकाल पुढे ठेवावा. या गटांकडून, किंवा निवृत्तीला वर्षाच्या आत आलेल्याकडून, कार्यालयाच्या चुकीने जास्त गेलेली रक्कम वसूल करता येत नाही. लिहून दिलेलं हमीपत्र आड येऊ शकतं, म्हणून काय लिहून देतो ते वाचूनच सही करावी.

अंशराशीकरणाला खेड्यात पेन्शन विकणं म्हणतात, आणि ते नेमकं तेच आहे. समजा पेन्शन 30,000. तिच्या 40 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 12,000, विकता येते. हाती एकरकमी येते ती साधारण आठ वर्षांच्या कपातीएवढी. कपात मात्र पंधरा वर्षं चालते. अठ्ठावन्नाला विकली तर त्र्याहत्तराव्या वर्षी पूर्ववत. महागाई भत्ता पूर्ण 30,000 वरच मिळत राहतो, त्यामुळे मार असतो त्याहून कमी वाटतो. घराचं कर्ज फेडायचं असेल तर विकणं समजू शकतं. नुसती मिळते म्हणून विकणं हा वाईट सौदा आहे.

आणि ही रक्कम कोणत्या दिवसांत येते ते बघा. 31 मेला निवृत्ती, 7 जूनच्या सुमारास मृग. घरात सोयाबीनचं बियाणं एकरी तीस किलो लागतं, कपाशीची पाकिटं एकरी दोन, खत, डिझेल, भावाचं थकलेलं पीककर्ज. उपदान, रजा रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी हे एकेक करून जून ते सप्टेंबरात खात्यावर पडतात, नेमकं तेव्हाच अख्ख्या गावाला पैसा हवा असतो. ट्रॅक्टर, विहीर, बोअर, पुतणीचं लग्न. उसनं म्हणून गेलेले पैसे दिवाळीला कापूस विकल्यावर परत येतील असं ठरतं, आणि परतीचा पाऊस बोंडावर पडतो.

यावर एक व्यवहारी उपाय आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना (सुरुवात 2004) तशी साठीनंतरची, पण 55 ते 60 मधल्या निवृत्तांना, लाभाची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरली तर घेता येते. मर्यादा तीस लाख, मुदत पाच वर्षं, 8.2 टक्के दराने लाखामागे तिमाहीला 2,050 रुपये. रक्कम मिळाल्याच्या तारखेचा पुरावा लागतो, तेव्हा बँकेचा मेसेज पुसू नये. पैसा पोस्टात बांधलेला आहे हे खरं कारण सांगता आलं की नाही म्हणणंही सोपं जातं.

रिटायर माणूस वावरात परततो तेव्हा वावर मोकळं नसतं. तीस वर्षं ते भावाने किंवा मोठ्या पोराने सांभाळलेलं असतं. सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराचा शेतगडी, त्याने ठेवलेला, पिकाचा बेत त्याचा, कृषी केंद्रावर उधारीचं खातं त्याच्या नावाचं. नुकते रिटायर झालेले गुरुजी सकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून डवरणी उशिरा झाली म्हणू लागले की घरात कुरबुर सुरू होते. ज्यांचं बरं चालतं ते सहसा एकच काम अंगावर घेतात: हिशेबाची वही, संत्र्याचं ओलित किंवा ढोरं. पेरणीचा शब्द दुसऱ्याचा राहू देतात.

कास्तकाराला स्वतःला तर निवृत्तीच नाही. तो टप्प्याटप्प्याने सुटतो. आधी वखर सुटतो, मग बाजाराला जाणं, मग पैशाची चावी, शेवटी सातबारा. हा शेवटचा टप्पा उतावळेपणाने घेऊ नये. सगळी जमीन मुलांच्या नावे केली की बाप कागदोपत्री शेतकरी उरत नाही, आणि विदर्भाच्या 1958 च्या कुळकायद्याचं कलम 89 बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. वाटणीत एखादा तुकडा स्वतःच्या नावे राखावा. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तातच लिहून घ्यावेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागताना ते शब्दच कामी येतात.

करणारं कोणी नसेल तर वावर मक्त्याने जातं: पेरणीआधी एकरी ठरलेले पैसे, तेही तोंडी, कारण कसणाऱ्याचं कुळ लागून जमिनीवर हक्क बसण्याची भीती अजून गेलेली नाही. त्यात पीककर्ज सातबाऱ्यावाल्याच्या नावे आणि नुकसान कसणाऱ्याचं.

सालदाराचं सगळ्यात अवघड. पाडव्याला किंवा अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा करार होतो. ज्या वर्षी कोणी विचारत नाही ते त्याचं निवृत्तीचं वर्ष. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500 रुपये, तेही कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत असल्याचा दाखला तहसीलमधून मिळाला तर. 2019 ची किसान मानधन योजना साठीनंतर 3,000 देते, पण तिच्यात 18 ते 40 वयातच आणि दोन हेक्टरच्या आतल्या जमिनीवरच नाव घालता येतं. सालदाराच्या नावे धुराही नसतो.

नोव्हेंबरात, कापसाच्या वेचणीच्या ऐन दिवसांत, हयातीच्या दाखल्याचा महिना येतो. कोषागारातून पेन्शन घेणारे 30 तारखेच्या आत बँकेत यादीवर सही करतात. ईपीएसवाले सेतू केंद्रात यंत्रावर अंगठा लावतात. त्यांना वर्षात केव्हाही चालतं, दिल्यापासून बारा महिने. पण ज्याने नोकरीनंतर पाच-सहा वर्षं वावरात काढली त्याच्या अंगठ्याच्या रेषा मातीने आणि पऱ्हाटीने झिजलेल्या असतात. यंत्र चार वेळा लाल दिवा दाखवतं. अशा वेळी केंद्रवाल्याला चेहऱ्यावरून प्रमाणीकरण करायला सांगावं. ती सोय ईपीएसवाल्यांना 2022 पासून आहे आणि साध्या स्मार्टफोनवर होते. उजेड समोरून हवा, टोपी काढावी आणि पापण्या मिटून उघडायला सांगितलं की तेवढंच करावं.