व्हिडिओ कॉलवर मुलांची ऑक्युपेशनल थेरपी: पालकांसाठी माहिती

शर्टाची बटणं लावणं, पेन्सिल धरणं, चमच्याने स्वतः जेवणं, गोंगाटात बिथरून न जाणं, अशा रोजच्या कामांत मुलाला मदत करणं म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. ही कामं घरात होतात, आणि व्हिडिओ कॉलवर आम्हाला ते घरच दिसतं. मूल कोणत्या खुर्चीवर बसून लिहितं हे थेरपीच्या खोलीत कळत नाही. पाय लोंबकळत असतील तर कमरेवरचं शरीर स्थिर राहत नाही आणि बोटांना बारीक काम जड जातं. अशा वेळी पायांखाली एखादा भक्कम खोका ठेवला तरी लिहिताना फरक पडू शकतो.

कॉलवर थेरपिस्टचे हात मुलापर्यंत पोचत नाहीत, म्हणून सेशनभर तुम्ही शेजारी हवेत. मनगटाला आधार कुठे द्यायचा, तो कधी काढून घ्यायचा, हे आम्ही त्या क्षणी सांगतो आणि तुम्ही करता. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटेल, पण या पद्धतीचं खरं बळ आम्हाला यातच दिसतं. जे तुमच्या हातात बसलं, ते पुढच्या सेशनपर्यंत रोज मुलाच्या कामी येतं.

फोन हातात धरू नका, टेकवून ठेवा. लिहिण्या-कापण्याच्या कामात चेहऱ्यापेक्षा हात दिसणं महत्त्वाचं, त्यामुळे कॅमेरा बाजूने आणि थोडा वरून असावा. खिडकी मुलाच्या पाठीमागे नको. कपड्यांचे चिमटे, कागद, बोथट टोकाची कात्री, मळलेली कणीक, एवढ्यावर पुष्कळ काम होतं. लहान मूल स्क्रीनसमोरून उठून गेलं तर जाऊ द्या. आम्ही त्याचा खेळ बघत तुमच्याशी बोलत राहू.

काही गोष्टी मात्र प्रत्यक्ष भेटीतच करायला हव्यात: स्नायूंचा ताठरपणा हाताने तपासणं, स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) मापून बसवणं, मोठ्या झोपाळ्यांवरचे व्यायाम. घास गिळताना मुलाला वारंवार ठसका लागत असेल तर कॉलची वाट पाहू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. काही प्रमाणित चाचण्या समोरासमोर घेण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्या आम्ही कॉलवर घेऊन आकडे देत नाही.

तुमच्या लेखी संमतीशिवाय सेशनचं रेकॉर्डिंग होणार नाही.

पहिल्या कॉलआधी, मूल जिथे अडतं त्या कामाचा एक छोटा व्हिडिओ पाठवा. मुलाला न शिकवता, न थांबवता, नेहमी होतं तसंच टिपा.