थंड बल्ब आणि पेटलेला बल्ब

जुन्या पद्धतीचा, तारेचा ६० वॅटचा बल्ब होल्डरमधून काढा आणि मल्टिमीटरने त्याचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, मोजा. साधारण ६३ ओहम येईल. आता शाळेतलं सूत्र लावा: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला ६३ ने भागलं की जवळपास ८४० वॅट! बल्बवर तर ६० छापलंय. इथे बरेच जण मीटरला तरी दोष देतात, नाहीतर सूत्राला. मीटरही बरोबर आहे आणि सूत्रही. चुकीचा आहे तो रोध कायम एकच असतो हा आपला समज.

उलटीकडून या. ६० वॅटला २३० व्होल्टने भागलं की करंट मिळतो ०.२६ अँपिअर. २३० ला या करंटने भागलं की रोध सुमारे ८८० ओहम, म्हणजे थंड बल्बच्या चौदापट. तार तीच, लांबी-जाडीही तीच. बदललं फक्त तापमान.

टंगस्टनच्या तारेत इलेक्ट्रॉन पुढे सरकतात तेव्हा सभोवती अणू जागच्या जागी थरथरत असतात. तार तापते तशी ही थरथर वाढते आणि इलेक्ट्रॉनांची वाट वारंवार मोडते. पेटलेली तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला असते. तिथे तेवढाच करंट रेटायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की बल्ब स्वतःला सावरतो. व्होल्टेज निम्मं केलं तर करंट निम्मा होत नाही, साधारण दोन तृतीयांश उरतो, कारण तार थंडावते आणि रोधही उतरतो. करंट आडवा आणि व्होल्टेज उभं घेऊन आलेख काढला तर सरळ रेषा मिळत नाही, वाकडी मिळते. तिच्यावरच्या एखाद्या बिंदूचा चढ आणि त्याच बिंदूचं व्होल्टेज भागिले करंट हे दोन वेगळे आकडे असतात.

करंट व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो, हा आपला नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहमने १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तो नियम 'तापमान कायम असताना' एवढ्या अटीवरच खरा आहे. व्होल्टेज भागिले करंट ही मात्र रोधाची व्याख्याच, ती कुठल्याही क्षणी लावता येते. मिळणारा रोध त्या क्षणाचा.

व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट, हे बल्ब-हीटरला ठीक. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा मोठा येतो. सॉकेटमध्ये खोचून वीजबिल कमी करणारी म्हणून खपवली जाणारी डबी याच फरकावर बोट ठेवते. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर, म्हणजे करंटचं हे रेंगाळणं भरून काढणारा भाग, असतो. घरचा मीटर खरे वॅटच मोजतो, त्यामुळे त्या डबीने बिलात काही फरक पडत नाही. ती घेऊ नका.

परत बल्बकडे. बटण दाबताच थंड तारेतून क्षणभर ३ अँपिअरहून जास्त करंट धावतो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास तो खाली येतो. तारेची एखादी जागा झिजून बारीक झालेली असेल, तर तिथला रोध शेजारच्यापेक्षा जास्त असतो. करंट सगळीकडे सारखाच, त्यामुळे करंटचा वर्ग गुणिले रोध या हिशोबाने तीच जागा जास्त तापते. तापली की रोध आणखी वाढतो, तिथलं टंगस्टन आणखी भराभर उडून जातं आणि जागा आणखी बारीक होते. असा झिजलेला बल्ब मग बटण दाबल्या दाबल्या, त्या पहिल्या धक्क्यालाच उडतो.