ग्रीसच्या बेटांवर जायचंय? व्हिसाच्या अर्जात आधी तारखा जुळवा

सँटोरिनी, क्रीट, ऱ्होड्स, नॅक्सोस, बेट कुठलंही असो, भारतीय पासपोर्टवर जायचं तर अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) निघण्याआधीच काढावा लागतो. बेटावर उतरल्यावर व्हिसा मिळतो असं ऐकलं असेल, तर ती सोय तुर्की नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. इटली-ग्रीस अशी जोडसहल असेल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत लागतो, पण जास्त तपासणीची गरज वाटली तर ४५ दिवसही लागू शकतात. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. मोठ्यांना ९० युरो फी, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही, त्यामुळे रद्द न होणारं विमानाचं तिकीट आधी काढू नका. अर्जासाठी नुसतं आरक्षण दाखवता येतं.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

माझ्या मते अर्जाचा खरा जीव दिवसवार कार्यक्रमात असतो. विमान, हॉटेल, विमा आणि ऑफिसचं रजापत्र या सगळ्यांवर एकच कालावधी दिसला पाहिजे. अथेन्समध्ये दोन रात्री, मग अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीने नॅक्सोस, असं लिहिलं असेल तर प्रत्येक रात्रीचं हॉटेल कागदावर हवं. मधली एक रात्र मोकळी राहिली की शंका येते. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. परतीचं विमान रात्री साडेबाराचं असेल तर तारीख बदलते आणि मुक्कामात एक दिवस वाढतो! विमाही त्या दिवसापर्यंत हवा. तो किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा असावा. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारे जोरात असले की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्येच ठेवा.

पैशांच्या बाबतीत बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नोकरदारांची पगारपत्रकं लागतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली, हा प्रश्न हमखास येतो. आई-वडिलांचा खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर तसं पत्र, खर्च करणाऱ्याचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडा. जन्मदाखला किंवा सातबारा मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अर्जावर पालकांच्या सह्या लागतात. एकच पालक सोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही द्यावं लागतं.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट आहे.

व्हिसा हातात आला की तिथेच स्टिकर वाचा. वैधतेच्या तारखांमध्ये सहसा जादा दिवस दिलेले असतात, पण राहायचे दिवस वेगळ्या रकान्यात लिहिलेले असतात आणि तेच पाळायचे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त राहिलात तरी ते दिसतं. किती वेळा प्रवेश करता येईल तेही पाहा. कॉस या ग्रीक बेटावरून बोटीने तुर्कस्तानातल्या बोद्रुमला एका दिवसासाठी जाऊन यायचा बेत असेल, तर एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर कॉसला परत येता येणार नाही. तसा बेत असेल तर अर्जातच अनेक प्रवेशांची मागणी करा आणि कार्यक्रमात बोद्रुमचा दिवस लिहा.