भरपाई की मदत : गुन्ह्यातील पीडितांना मिळणाऱ्या पैशाची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीच्या कोर्टांत ‘मनोधैर्य’ (बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांना पैसे देणारी राज्याची योजना) हा शब्द आता पक्षकारांच्याही तोंडी रुळला आहे. मुलीच्या केससाठी आलेला बाप वकिलाला विचारतो, ‘मनोधैर्यचा अर्ज टाकलाय का?’ खून झालेल्या माणसाची बायको हाच प्रश्न विचारते, तेव्हा ‘ते तुम्हाला लागू नाही’ एवढेच उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. तिच्यासाठी २०१४ ची वेगळी राज्य योजना आहे, आणि ती तिला कोणी सांगत नाही. हा घोळ आजचा नाही.

जुन्या काळी या मुलखात चोरी झाली की जागल्याने, म्हणजे गावच्या राखणदाराने, पावलांचा माग काढायचा, अशी रीत होती. माग ज्या गावच्या शिवेत जाऊन थांबे, त्या गावाने चोर हजर करायचा, नाहीतर गेलेला माल भरून द्यायचा. चोर सापडला नाही म्हणून ज्याचे गेले तो रिकाम्या हाताने बसत नसे. निवाड्यात मात्र जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’, म्हणजे दंडाची रक्कम, घेतली जाई आणि ती सरकारात जमा होई. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. पुढच्या फौजदारी कायद्यांत दंड सरकारचा हे तत्त्व पक्के झाले आणि गावाने भरून देण्याची रीत मागे पडली.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये भरपाई होती, पण मुख्यतः आरोपीकडून वसूल झालेल्या दंडातून. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला दंडच ५,००० रुपयांपर्यंत करता येई. पुढे ही मर्यादा १०,००० झाली. हात मोडलेल्या शेतमजुराला त्यातून काय मिळणार? शिक्षेत दंड नसेल तर पोटकलम ३ खाली कितीही भरपाई देता येत होती. तालुक्याच्या कोर्टांत हे पोटकलम सर्वांच्या ओळखीचे झाले ते चेक न वटल्याच्या खटल्यांमुळे. मारहाणीच्या, खुनाच्या निकालांत त्याचा उल्लेखही क्वचित येई. हा अधिकार सढळपणे वापरा, असे १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात त्याला पुन्हा सांगावे लागले, की भरपाईचा विचार केला की नाही हे निकालात कारणांसह लिहा.

खरा बदल ३१ डिसेंबर २००९ पासूनचा. त्या दिवशी लागू झालेल्या कलम ३५७अ ने राज्याला स्वतःचा निधी उभारायला लावले. आरोपी सुटला तरी न्यायालय शिफारस करू शकते. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले लोक थेट अर्ज करू शकतात, आणि चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. जागल्याच्या मागाचे तत्त्वच इथे वेगळ्या रूपाने परत आले, असे मला वाटते.

या पार्श्वभूमीवर २०१३ चा निर्णय पाहायला हवा. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याने मनोधैर्य योजना आणली आणि २ ऑक्टोबर २०१३ पासूनच्या घटनांना ती लागू केली. रक्कम २ लाख, विशेष प्रकरणांत ३ लाख. शासन निर्णयात शब्द होता ‘अर्थसहाय्य’. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या शब्दाने बरेच काही ठरवले. कायद्यातल्या भरपाईवर हक्क सांगता येतो. सहाय्य देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळापुढे जाई आणि मंडळाच्या बैठकीची वाट पाहावी लागे. शेजारच्या गोव्यात तेव्हा १० लाखांपर्यंतची तरतूद होती. हे दान नव्हे, हे राज्याचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सुनावल्यावर २०१७ च्या डिसेंबरअखेरीस योजना सुधारली. कमाल रक्कम १० लाखांवर गेली आणि निर्णयाचा अधिकार महसुली इमारतीतून न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवेच्या कार्यालयाकडे आला. जतहून किंवा खटावहून येणाऱ्या बाईसाठी ही जागा बदलणे मोठी गोष्ट होती, कारण केसची तारीख आणि अर्जाची चौकशी एकाच फेरीत होऊ लागली. नाव मात्र तेच राहिले, आणि मनातला अर्थही. ‘सरकारने मदत केली’ असेच आजही म्हटले जाते.

यात ॲट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या, प्रकरणांची वेगळी वाट मिसळते. तिथे समाजकल्याण खात्यातून टप्प्याटप्प्याने पैसे मिळतात : गुन्हा नोंदल्यावर काही, दोषारोपपत्र गेल्यावर काही, शिक्षा झाल्यावर उरलेले. २०१६ च्या नियमांनुसार ही रक्कम गुन्ह्यागणिक ८५,००० पासून ८,२५,००० रुपयांपर्यंत आहे. गावात या तिन्ही वाटांना एकच नाव आहे, ‘केसचे पैसे’, आणि त्या नावाबरोबर येणारा संशयही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या ३५७ आणि ३५७अ च्या जागी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली कलमे ३९५ आणि ३९६ आली. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची दंडाची मर्यादा ५०,००० झाली. पॉक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) प्रकरणांत न्यायालयाच्या आदेशानंतर ३० दिवसांत रक्कम द्यायची, हा नियम २०२० पासून आहे. पण कराड-वाळव्याच्या फडात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या मुलीची केस इथल्या पोलीस ठाण्यात, म्हणून तिचा अर्जही इथेच. गळीत हंगाम संपला की कुटुंब आपल्या गावी जाते. बँक पासबुकाची एक प्रत आणि आईची एक सही एवढ्यासाठी त्यांना पुन्हा इथवर यावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.