चोर्ला घाटात रेंज धरणारा फोन

माझा भाचा बेळगावहून गोव्याला भाजी नेतो. रात्री दोनच्या सुमाराला टेम्पो भरायचा आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत उजाडायच्या आत गोव्यातली साखळी गाठायची. पुढं म्हापसा. वाटेत व्यापाऱ्याचा मेसेज येतो: आज कोबी नको, मिरची दोन पोती जादा. तो मेसेज कणकुंबीच्या अलीकडे मिळाला तर ठीक. नाहीतर थेट घाट उतरल्यावरच, आणि तोवर त्याचा काही उपयोग राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात तो म्हणाला, "मामा, दहा-बारा हजारात एक फोन बघा. कॅमेरा-बिमेरा नको ओ. घाटात रेंज आली म्हणजे झालं."

खडेबाजारात आम्ही तीन दुकानं फिरलो. विकणारा मुलगा मेगापिक्सेल सांगत होता, रंग दाखवत होता, वीस मिनिटांत किती टक्के चार्जिंग होतं ते सांगत होता. "हा कुठले कुठले बँड घेतो?" असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वरातीसाठी बँडवाले ठरवायला आलोय. त्याचा दोष नाही. खोक्यावर ही माहिती सहसा नसतेच. कंपनीच्या वेबसाइटवर, त्या मॉडेलच्या तपशिलात अगदी तळाशी आकड्यांची एक रांग असते. प्रवासात नेट हवं असेल तर फोनची सगळी किंमत त्या रांगेत असते.

बँड म्हणजे रेडिओलहरींचा ठरवून दिलेला पट्टा. आपल्याकडे ४जी साधारण ७०० ते २५०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतं. ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वर आहे, त्याला एन७८ म्हणतात. ७०० मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ ४३ सेंटिमीटर लांब असते, ३५०० ची साडेआठ. लांब लहर टेकडीच्या कडेवरून थोडी वळून पलीकडे उतरते, झाडीतून आणि घराच्या भिंतींतून बऱ्यापैकी निभावते. आखूड लहर डोंगराआड सावली पाडते आणि मोकळी होते. मोकळ्या माळावरसुद्धा, तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच ताकदीनं सोडलेल्या ३५०० च्या लहरीतून फोनच्या साध्या अँटेनाला ७०० च्या तुलनेत पंचविसावा हिस्सा शक्ती मिळते, कारण लहर जेवढी आखूड तेवढी तिला पकडणारी अँटेनाही चिमुकली. मात्र वरच्या पट्ट्यांत जागा भरपूर, म्हणून वेग जास्त. बेळगाव शहरात कॉलेज रोडवर एन७८ झकास. जांबोटी ओलांडल्यावर त्याची आस धरण्यात अर्थ नाही.

तेव्हा आमच्या कामाचे पट्टे खालचे: बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००. जिओचं ४जी ८५० वर आहे, एअरटेल आणि व्हीआय ९०० वापरतात. यातले ५ आणि ८ आता जवळपास सगळ्याच फोनांत असतात. अडतं ते २८ पाशी. भाच्याच्या जुन्या फोनच्या रांगेत १, ३, ५, ८, ४०, ४१ होते, २८ नव्हता. २०२२ च्या आधीच्या कित्येक स्वस्त ४जी फोनांची हीच गत. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० वर उभं राहिलंय. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० दूरच्या गावांत ४जी नेण्याची योजना मंजूर केली, ती बीएसएनएलकडेच आहे. म्हणजे रानातल्या एखाद्या टॉवरवरून ७०० ची लहर येतही असेल, पण तुमच्या फोनला तो पट्टाच ऐकू येत नसेल तर टॉवर डोळ्यांसमोर दिसूनही उपयोग काय? आणखी एक बारकावा असा की तपशिलात ४जी आणि ५जीच्या रांगा वेगळ्या असतात. ५जीच्या रांगेत एन२८ आहे म्हणून ४जीच्या रांगेतही २८ असेलच असं नाही. दोन्ही रांगा वाचायच्या. पाहुण्यांनी अमेरिकेहून आणलेला जुना फोन तर हमखास तपासायचा. तिकडच्या मॉडेलांत आपल्याकडचे काही पट्टे गायब असतात.

५जीबद्दलही एक सांगायला हवं. भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण दोन तऱ्हांनी. जिओनं थेट स्वतंत्र ५जी उभं केलं, एअरटेलनं सुरुवातीला ४जीच्या आधारानं चालणारं. २०२४ च्या शेवटी साडेआठ हजारांच्या आसपास एक ५जी फोन आला, तो फक्त स्वतंत्र ५जीच घेणारा. खोक्यावर ५जी लिहिलेलं, आणि आधारवाल्या नेटवर्कचं सिम घातलं की फोन ४जीवरच बसून. म्हणून दुकानात सिम घालूनच बघा, त्याला लाजू नका.

आता रेंजच्या दांड्या. त्या काढण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी, त्यांच्यावर भरवसा नको. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये 'फोनविषयी' आणि तिथं सिमची स्थिती उघडली की उणे आकडा दिसतो, डीबीएममध्ये, म्हणजे फोनला मिळणाऱ्या शक्तीच्या मापात. शून्याच्या जेवढं जवळ तेवढं चांगलं. उणे ८० छान, उणे १०० चालेल, उणे ११५ च्या खाली देवाचं नाव. हा आकडा साधा नाही: दर तीननं घसरला की शक्ती निम्मी होते, दहानं घसरला की दहावा हिस्सा. भाच्याबरोबर एकदा मी टेम्पोत पुढं बसून गेलो. बेळगाव सोडताना उणे ८२ होता, जांबोटीत उणे ९७, कणकुंबीच्या अलीकडे उणे ११२. म्हणजे तासा-दीड तासात फोनला मिळणारी शक्ती एक हजारावा हिस्सा झाली, आणि तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ आली! या यंत्राचं मला खरंच कौतुक वाटतं.

पण ओळ आली, उत्तर गेलं नाही. गोल फिरत राहिला. टॉवर काही दहा वॅटनं ओरडतो, फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटनं. टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला येत नाही. तेव्हा फोन जिवाच्या आकांतानं पूर्ण ताकद लावतो, तापतो आणि बॅटरी खातो. घाटात फोन गरम होतो तो यानंच. ५,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी इथं चैन नाही, गरज आहे. घाट लागला की नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ५जी काढून ४जीवर ठेवावं, म्हणजे तो नसलेलं ५जी हुडकत बसत नाही. पाठवायचाच असेल तर मजकूर पाठवा, फोटो नको. फोन पत्र्याच्या डॅशबोर्डवरून उचलून खिडकीशी धरा, आणि मूठ आवळून नाही. ७०० च्या लहरीला नीट जुळणारी अर्ध्या लहरीची अँटेना २१ सेंटिमीटर लांब लागते. एवढा फोनच लांब नसतो, म्हणून आतलं सगळं धातूचं अंग तिच्या मदतीला येतं, आणि आपला हात नेमका त्यालाच झाकतो.

पावसाबद्दल आमच्याकडे सगळेच म्हणतात, पाऊस आला की रेंज जाते. पावसाच्या थेंबाचा आकार मिलिमीटरमध्ये, मोबाइलची लहर आठ ते त्रेचाळीस सेंटिमीटरची. थेंब तिच्या खिजगणतीतही नसतो. जाते ती तीन वेगळ्या वाटांनी. ओली पानं, कारण पाण्यानं भरलेली झाडी लहर शोषते, आणि कणकुंबीकडच्या रानात पावसाळ्यात दुसरं असतं काय! मग वीज, कारण लाइट गेल्यावर टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात. तिसरी वाट कुणाला दिसत नाही. रानातले बरेच टॉवर एकमेकांशी केबलनं नाही, गोल डिशांनी जोडलेले असतात, आणि त्या डिशांतल्या लहरी बहुधा १० गिगाहर्ट्झच्या वरच्या, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या. मुसळधार पाऊस त्यांना खरोखरच खातो. म्हणून कधीकधी फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र हलत नाही. अशा वेळी फोन बंद-चालू करून काही होत नाही. टॉवर तुमच्यापर्यंत पोचलाय, टॉवरपर्यंत जग पोचलेलं नाही.

आणि सीमा. १९५६ पासून आम्ही तिच्याबद्दल बोलतो आहोत, ती हवेतही आहे हे कमी जणांना ठाऊक. मोबाइलसाठी देशाचे २२ सर्कल पाडलेत. बेळगाव, खानापूर, निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये, कोल्हापूर, चंदगड महाराष्ट्रात, आणि गोवाही महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये. एकाच कंपनीच्या नेटवर्कचे संकेतांकही सर्कलगणिक वेगळे: एअरटेलचा कर्नाटकात ४०४-४५, महाराष्ट्र-गोव्यात ४०४-९०. फोनच्या दृष्टीनं ही दोन वेगळी नेटवर्कं. कोगनोळी ओलांडून कागलकडे जाताना चालू कॉल बहुतेकदा तुटतो, कारण या नेटवर्कनं त्या नेटवर्कच्या हाती चालू कॉल सोपवायची सोय सहसा नसते. पैसे जादा लागत नाहीत, पण काही फोन पलीकडच्या भागाला रोमिंग समजतात, आणि 'डेटा रोमिंग'चं बटण बंद असलं तर नेट तिथल्या तिथं थांबतं. गोव्यात उतरून 'फोन बिघडला' म्हणत दुकान शोधणारे मी पाहिलेत. बटण एकदा चालू करायचं, विषय संपला.

उलट गंमत सीमेवरच्या बाचीत किंवा शिनोळीच्या वाटेवर. फोनचा स्वभाव घरच्या नेटवर्कला चिकटून राहायचा. कर्नाटकचं सिम असेल तर पलीकडे चंदगड तालुक्यातला त्याच कंपनीचा दणदणीत टॉवर सोडून तो बेळगावकडच्या उणे ११४ वाल्याला धरून बसतो. नाइलाजानं पलीकडे गेलाच तरी त्याचं मन घरी असतं: ठरावीक वेळानं, सहा मिनिटांपासून आठ तासांपर्यंत सिममध्ये जे लिहिलं असेल त्या अंतरानं, तो घरचं नेटवर्क पुन्हा हुडकतो. आपणही वेगळे नाही म्हणा. यावर उपाय म्हणजे नेटवर्क निवडण्याचं 'ऑटोमॅटिक' काढायचं आणि यादीतून हातानं पलीकडचं निवडायचं. कधी नोंदणी नाकारली जाते, पण बऱ्याचदा जमतं. परत आल्यावर ऑटोमॅटिक करायला विसरू नका, नाहीतर घरात बसून 'सेवा नाही' बघावं लागेल.

म्हणूनच दोन सिम, तीही दोन कंपन्यांची. दोन्हीसाठी वेगळ्या जागा हव्यात. काही फोनांत दुसरं सिम आणि मेमरी कार्ड एकाच खाचेत असतं, तिथं फसगत होते. नकाशा मात्र घरी वायफायवर उतरवून न्यावा. जीपीएसला नेट लागत नाही, फोन नुसता २०,००० किलोमीटर वरच्या उपग्रहांचं ऐकत असतो. बाकी सहा जीबी रॅम आणि उन्हात वाचता येईल असा पडदा, एवढं बघितलं की पुरे. मेगापिक्सेल सोडून द्या.

शेवटी भाच्यानं अकरा हजारांचा घेतला. २८ दोन्ही रांगांत होता, रंग त्याला आवडला नाही. एक सिम बीएसएनएलचं घातलं. घाटाच्या दोन वळणांवर अजूनही काहीच येत नाही, ते कुठल्याच फोनला यायचं नाही. पण कणकुंबीच्या चहाच्या टपरीवर आता पहाटे गाडीवाले एकमेकांना "रेंज हाय काय?" असं विचारत नाहीत. भाच्यानं त्यांना सेटिंगमधली जागा दाखवून ठेवलीय. "तुझं किती?" "उणे एकशे नऊ." "माझं एकशे सोळा. दे बघू तुझा, साखळीला एक मेसेज टाकतो."