दोघांची मिळून एक आठवण

पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ हे नाटक 1938 साली इंग्लंडमध्ये रंगमंचावर आले. त्यातला नवरा घरातल्या वस्तू स्वतः लपवतो आणि ‘तूच ठेवल्यास, तूच विसरलीस’ असे बायकोला इतक्या वेळा ऐकवतो, की आपल्याला वेड लागत आहे असे तिला वाटू लागते. रात्री तो चोरून वरच्या मजल्यावर दिवा लावतो, तेव्हा तिच्या खोलीतली गॅसची ज्योत मंदावते. घरातल्या एकाच नळातून येणारा गॅस आता आणखी एका दिव्यात वाटला जातो, इतके त्याचे साधे कारण असते. पुरावा डोळ्यांसमोर असूनही तिला स्वतःच्या डोळ्यांची खात्री वाटत नाही. समोरच्याला त्याच्याच स्मृतीवर संशय घ्यायला लावणाऱ्या अशा फसवणुकीला आज ‘गॅसलायटिंग’ म्हणतात, ते या नाटकावरूनच.

प्रेक्षागृहात बसून तिला भोळी ठरवणे सोपे आहे. पण स्मृतीवरचे संशोधन पाहिले, तर तिच्या जागी भल्याभल्यांची हीच गत होईल असे दिसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1985 च्या सुमारास असे मांडले, की दीर्घ सहवासातली जोडपी लक्षात ठेवण्याचे काम आपसात वाटून घेतात. विम्याचा हप्ता एकाने लक्षात ठेवायचा, नातलगांच्या वाढदिवसांची जबाबदारी दुसऱ्याची. आठवणींचे जणू संयुक्त खातेच. एरवी ही सोय फार उपयोगाची असते, परंतु खातेदारांपैकी एकाने खोट्या नोंदी करायचे ठरवले, तर दुसऱ्याकडे ताडून पाहायला स्वतंत्र वही उरत नाही.

लॉरेन फ्रेंच, मॅरिआन गॅरी आणि काझुओ मोरी यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. दोन व्यक्तींना शेजारी बसवून एकाच पडद्यावर एक चित्रफीत दाखवली गेली. मात्र दोघांच्या चष्म्यांच्या काचा प्रकाश वेगवेगळ्या प्रकारे गाळत असल्याने प्रत्येकाला काही तपशील निराळे दिसत होते आणि याची त्यांना कल्पना नव्हती. नंतर त्यांनी आपसात चर्चा केली. एकेकट्याची चाचणी घेतली, तेव्हा जोडीदाराने सांगितलेले, पण स्वतः न पाहिलेले तपशील अनेकांच्या आठवणीत शिरलेले आढळले आणि हे प्रमाण अनोळखी जोड्यांपेक्षा प्रेमसंबंधातल्या जोड्यांमध्ये अधिक होते. तिथे तर कोणी कोणाला फसवतही नव्हते!

खोटे ओळखण्यात आपण मुळातच कच्चे आहोत. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 साली अशा शेकडो चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा अचूकतेची सरासरी सुमारे 54 टक्के निघाली. नाणेफेक केली असती तरी 50 टक्के उत्तरे बरोबर आलीच असती. नाते जवळचे झाले की ‘मला याचे खोटे लगेच कळते’ हा आत्मविश्वास वाढतो, पण त्याबरोबर समोरचा खरेच बोलत असेल असे धरून चालण्याची सवयही वाढते. त्यात पुनरुक्तीची भर पडते. एखादे विधान वारंवार कानावर आले की ते अधिक खरे वाटू लागते, हे 1977 पासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

फसवणारा जोडीदार माहेर तोडतो, मित्रमैत्रिणींविषयी मन कलुषित करतो, यामागचे कारण सॉलोमन अॅश यांच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांवरून समजते. रेषांची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या कामातही, गटातले सगळे ठरवून चुकीचे उत्तर देऊ लागले, की एकटा पडलेला माणूस जवळजवळ एकतृतीयांश वेळा त्यांच्या मागे जात असे. बरोबर उत्तर देणारा एकच सोबती मिळाला, तर हे प्रमाण आधीच्या सुमारे चतुर्थांशावर येई. नाटकातही ज्योत मंदावल्याचे पाहणारा दुसरा माणूस घरात येतो, तेव्हाच नवऱ्याचे कारस्थान ढासळू लागते.

मात्र नवरा-बायकोच्या आठवणी जुळल्या नाहीत की लगेच ‘गॅसलायटिंग’ म्हणणे, जे हल्ली सर्रास चालते, मला पटत नाही. दोघेही प्रामाणिकपणे चुकू शकतात. समाजशास्त्रज्ञ पेज स्वीट यांनी 2019 साली दाखवून दिले, की हे तंत्र सत्तेच्या असमानतेवर पोसते. ‘बायका भावनाप्रधान असतात’ हा समज समाजात तयार असल्यामुळे फसवणाऱ्याचे निम्मे काम आधीच झालेले असते. कायद्यांनीही त्याची दखल घेतली आहे. भारतात 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक व भावनिक छळाचा समावेश आहे, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावर अशी सतत दहशतवजा हुकमत गाजवणे 2015 च्या कायद्याने गुन्हा ठरले.

अशा संशयात सापडलेल्या व्यक्तीने घटना घडताच, जोडीदाराशी त्याविषयी बोलण्यापूर्वी, तारीखवार लिहून ठेवावी आणि ती नोंद घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे द्यावी, हे या प्रयोगांशी सुसंगत आहे. कारण आठवणीत भेसळ होते ती प्रामुख्याने त्यानंतरच्या बोलण्यातून.